सत्तावीस नंबरची वही

१

कपाटाचं सील मी स्वतः फोडलं, आणि बघते तर काय, सव्वीस नंबरच्या वहीनंतर तीन बोटं मोकळी जागा आणि मग थेट अठ्ठावीस.

"अरेच्चा!" साहेब म्हणाले.

एकेका पुलाची एकेक जाड पुठ्ठ्याची वही, आणि त्यात त्या पुलाचं सगळं गणित, अशी साहेबांची पद्धत. पंचेचाळीस वर्षांत एक्केचाळीस पूल, एक्केचाळीस वह्या. भूकंपात टिकणारा पूल कसा बांधायचा हे आमच्या अख्ख्या पिढीला या माणसानं शिकवलं, मलाही. अठरा दिवसांपूर्वी दुपारी जमीन हलली. फार नाही, फळीवरच्या बरण्या पडाव्यात एवढी. त्या टापूत साहेबांचे सात पूल होते. सहा डोलले आणि उभे राहिले, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. सातव्याचा मधला गाळा खांबावरून सरकला आणि एका बससकट दरीत गेला. अकरा माणसं मेली. त्या पुलाची वही सत्तावीस नंबरची.

मी चौकशी समितीची तपासनीस. मला सगळे 'हातोडी' म्हणतात. काँक्रीट ठोकून ते आतून पोकळ आहे का हे मी आवाजावरून सांगते, म्हणून हे नाव पडलं असं लोकांना वाटतं. वाटू दे. खरं म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वी याच साहेबांनी भर वर्गात माझा गणिताचा कागद माझ्यापुढे टाकून म्हटलं होतं, "तुझा हात हातोडीला बरा. डोक्याचं काम मुलांवर सोड." वर्ग खो खो हसला. गणित बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुन्हा तपासलं, कागदावर टिक केली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

तर कपाटापाशी मला धरून आम्ही पाच जण होतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे साहेब. त्यांची मुलगी, जिनं चौदा वर्षांपूर्वी या पुलाचं गणित तपासलं होतं. जावई, जो आता ऑफिस चालवतो. आणि तीस वर्षं साहेबांचे नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. त्याची पाठ इतकी ताठ की ऑफिसात सगळे त्याला 'काटकोन' म्हणतात.

काटकोननं कपाटाचं दार धरून ठेवलं होतं, आमच्याकडे तोंड करून. जावई भसाभस वह्या उपसायला लागला. "सत्तावीस म्हणजे कुठला पूल? यांच्यावर नावं का नाहीत?" असं पुटपुटत होता. मुलीनं मोकळी जागा बघितली आणि मग बापाकडे बघितलं. आणि साहेब, जे छातीत दुखतंय म्हणून अठरा दिवस कपाट उघडण्याची तारीख पुढे ढकलत होते, ते छातीवरचा हात काढून एकदम खणखणीत आवाजात म्हणाले, "काही हरकत नाही. बुधवारी मी जबाब देतो."

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. काटकोनची बायको त्या बसमध्ये होती.

२

"कोणी नेली असेल?" मी साहेबांना विचारलं.

"तपासनीस कोण, तू की मी?" त्यांनी मला खुर्चीसुद्धा दिली नाही. मी घेतली.

"तुम्ही?"

"भूकंप झाला तेव्हा मी चारशे किलोमीटरवर भाषण देत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. तुमच्या लोकांनी सकाळीच सील ठोकलं होतं. म्हणजे वही गेली ती त्या आधी. आता कर हिशोब."

हिशोब चोख होता. अडचण अशी की त्यांना तो सांगताना मजा येत होती.

"पूल का पडला, साहेब?"

"बैठक कमी पडली."

हे मलाही ठाऊक होतं. गर्डर खांबाच्या माथ्यावर जेवढा आत टेकतो, त्याला आम्ही बैठक म्हणतो. जमीन हलली की खांब डोलतो. जितका उंच, तितका जास्त. बैठक आखूड असेल तर खांब गर्डरच्या खालून निसटतो. दरीतला तो खांब बत्तीस मीटर उंच. त्याला त्र्याहत्तर सेंटिमीटर बैठक हवी होती. नकाशात आणि जागेवर होती एकोणपन्नास. एवढी बैठक आठ मीटरच्या खांबाला पुरते. काठाजवळच्या खांबाची उंची मधल्या खांबाच्या गणितात घुसली होती.

"चूक कोणाची?"

"गणित मी केलं, तिनं तपासलं. 'तपासले' च्या चौकोनात सही तिची आहे." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "मूल आपलं असलं तरी चूक ती चूकच."

आमचे अध्यक्षही हेच म्हणत होते. वही मिळाली नाही तर हाताशी आहे त्या नकाशावर जाऊ, बुधवारी साहेबांचा जबाब झाला की मुलीला अटक. सात वर्षांपर्यंत आत जाण्याचं कलम होतं.

मी उठले तेव्हा साहेबांनी चहा मागवला. एक कप.

३

जावयाला घाम फुटला होता. "मॅडम, त्या दुपारी मी पुढच्या खोलीत पत्रकारांचे फोन घेत होतो. मागे काटकोन होते. पाचला मी ऑफिसला कुलूप लावलं, ते सकाळी सील ठोकायलाच उघडलं. चाव्यांचा जुडगा खिळ्याला असतो, कोणीही घेईल!"

"तुमच्या पुलांच्या पाच वह्यांचे नंबर सांगा बघू."

त्यानं प्रयत्न केला. पाचही चुकले. एकदा तर पठ्ठ्या चव्वेचाळीसपर्यंत गेला. वह्यांवर नुसते नंबर असतात. कुठली कोणत्या पुलाची हे तीनच डोक्यांत होतं: साहेबांच्या, मुलीच्या आणि काटकोनच्या.

मुलगी मला शाळेत भेटली. ती हल्ली तिथे गणित शिकवते. वर्ग सुटला होता, फळ्यावर अपूर्णांक होते आणि तिच्या बाहीवर खडूची भुकटी.

"पुलांचं काम कधी सोडलं?"

"सहा वर्षं झाली. बाबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती तपासली, ते शेवटचं."

"वही कोणी नेली?"

"माहीत नाही."

"कपाट उघडल्यावर तुम्ही बाबांकडे बघितलंत."

तिनं डस्टर उचललं, पुन्हा ठेवलं.

"बाई, बुधवारी तुम्हाला हातकड्या पडतील. घरी आठ वर्षांची पोर आहे तुमच्या. काही ठाऊक असेल तर आत्ता बोला."

"बाबांना विचारा."

"विचारलं. ते म्हणतात चूक तुमची."

"बुधवारी तसं म्हणणार नाहीत." ती अगदी शांतपणे बोलत होती, आणि तेच मला सहन होईना. "तुम्ही ओळखत नाही त्यांना. आकड्यांच्या बाबतीत बाबा खोटं बोलूच शकत नाहीत. ते स्वतः सांगतील. मी आधी बोलले तर मी त्यांना पकडून दिल्यासारखं होईल. त्यांचं त्यांना सांगू दे."

"काय सांगतील?"

"ते तेच सांगतील," ती म्हणाली आणि अपूर्णांक पुसायला लागली.

४

मंगळवारी सकाळी मी साहेबांच्या पुस्तकाच्या दोन्ही आवृत्त्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. माझ्या घरात हे पुस्तक दोनदा आहे. ज्याचा राग येतो त्याचं सगळं वाचायची मला खोड आहे.

उदाहरण अकरावं: उंच खांबाची बैठक. बाजूला सुबक आकृती. पहिल्या आवृत्तीत बैठक एकोणपन्नास सेंटिमीटर. दुसऱ्या आवृत्तीत तीच आकृती, तोच खांब, आणि बैठक त्र्याहत्तर.

सहा वर्षांपूर्वी कोणालातरी ही चूक कळली होती. कळल्यावर पुस्तकातली दुरुस्त केली, आणि दरीवरची तशीच सोडली!

दोन महिन्यांचं काम होतं हो ते. खांबाचा माथा दोन्ही अंगांनी काँक्रीटनं वाढवायचा, गर्डर एकमेकांना पोलादी दोरांनी जखडायचे. वाहतूकसुद्धा बंद करावी लागली नसती.

मी तडक ऑफिस गाठलं. काटकोन पेन्सिलीला टोक काढत बसला होता. बायको जाऊन अठरा-एकोणीस दिवस, आणि हा माणूस रोज नऊच्या ठोक्याला हजर.

"ही आकृती तुमची?"

"माझीच."

"आकडा का बदलला?"

"साहेबांनी सांगितलं, बदल. बदलला."

"आणि वहीत? वहीत आकडा चुकला तर काय करता तुम्ही लोक?"

तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "या ऑफिसात रबर नाही, मॅडम. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा. बाजूला तारीख, सही. मग साहेब हिरव्या शाईनं 'पाहिले' लिहून खाली सही करणार. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आम्ही घरातल्या वाण्याच्या यादीतसुद्धा असंच खोडतो."

म्हणजे वही नाहीशी झाली ती चुकीमुळे नव्हे. चूक तर पडलेल्या पुलानंच सांगितली होती. वही गेली ती चुकीवर घातलेल्या तारखेमुळे. चूक होणं निराळं आणि चूक ठाऊक असून सहा वर्षं माणसं त्यावरून जाऊ देणं निराळं. पहिल्याला लोक माफ करतात.

पण नेली कोणी?

५

दुपारी मी काटकोनच्या घरी गेले. तो जेवायला घरी येतो. दोन खोल्या, खिडकीत ड्रॉइंगचं टेबल, दाराशी बायकोच्या चपला.

"वही द्या," मी म्हटलं.

त्यानं पुढचं ताट बाजूला सारलं.

"साहेबांनी नेली नाही. ज्यानं वही लपवली त्याला ती जागेवर नाही हे बघून नवा धीर येत नाही, आधीच आलेला असतो. साहेबांची छाती कपाट उघडल्यावर दुखायची थांबली. मुलीनं नेली नाही, तिला वाटलं बापानं नेली. जावयाला सत्तावीस म्हणजे कुठली हेच ठाऊक नाही. उरलात तुम्ही. आणि तुम्हाला मी पहिल्या दिवशीच सोडून दिलं होतं, माझा मूर्खपणा. म्हटलं, ज्याची बायको त्या पुलावर मेली तो पुरावा कशाला लपवेल? पण वही गेली ती भूकंपाच्या दुपारी. बसमधली नावं कळली संध्याकाळी. वही उचलली तेव्हा आपली बायको गेली हे तुम्हाला माहीतच नव्हतं. आणि काल कपाट उघडल्यावर आम्ही सगळे आत बघत होतो. तुम्ही साहेबांच्या तोंडाकडे बघत होतात."

काटकोन उठला. गादीखालून वही काढून त्यानं टेबलावर ठेवली. कडा कशा अगदी टेबलाच्या कडांना समांतर.

"साहेबांना वाचवायला नेली होती," तो म्हणाला. "पूल पडल्याचं कळलं आणि मला ते पान आठवलं. मी वही पिशवीत घातली, घरी आलो, हिला हाक मारली. घरात नव्हती. बहिणीकडे जाणार होती ना. खालच्या रस्त्यानं जाते म्हणत होती, तिला पुलावर भीती वाटायची. मीच म्हटलं, वेडी का खुळी, वळसा कशाला, साहेबांचा पूल आहे."

मी वही उघडली. एकोणपन्नासवर आडवी रेघ. वर त्र्याहत्तर. सहा वर्षांपूर्वीची तारीख आणि मुलीची सही. खाली हिरव्या शाईत 'पाहिले' आणि साहेबांची झोकदार सही.

"ताई रडत होत्या त्या दिवशी," काटकोन म्हणाला. "स्वतःच्याच जुन्या तपासणीतली चूक सापडली होती. साहेब म्हणाले, खात्याला मी पत्र लिहितो, तू यात पडू नकोस. पत्र टाइप करायला माझ्याकडेच आलं असतं. आलं नाही. पुढच्या महिन्यात साहेबांना पदक मिळालं."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"साहेबांना कोण विचारतं?"

"मग इतके दिवस वही दडवून का ठेवलीत? ही मिळाली तर ताई सुटतात."

"पहिल्या दिवशी दिली असती तर ते काय म्हणाले असते, सांगू? विसरलो म्हणाले असते. वय झालं, पत्र लिहायचं राहून गेलं. लोकांनी हळहळ केली असती. विसरलो म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचं कोण काय वाकडं करतं?" त्याचा आवाज जराही चढला नाही. "वही नाही म्हटल्यावर ते मनातलं बोलतील. एकदा शपथेवर बोलू दे, सही करू दे. उद्या अकरा वाजता मी वही घेऊन येतो. एक दिवस मागतोय, मॅडम."

नियमानं मी वही तिथल्या तिथे जप्त करायला हवी होती. मी तिच्यावर हात ठेवला. मला तो वर्ग आठवला, ते खो खो हसणं आठवलं. मी हात काढून घेतला.

"अकराला उशीर करू नका," मी म्हटलं.

६

बुधवारी चौकशीची खोली माणसांनी भरली होती. मेलेल्यांचे नातेवाईक मागच्या बाकांवर, मुलगी पहिल्या रांगेत नवऱ्याशेजारी. साहेब कडक इस्त्रीचे कपडे घालून आले आणि त्यांनी शपथ घेतली.

"ही चूक तुम्हाला कधी कळली?" अध्यक्षांनी विचारलं.

"पूल पडल्यावर."

मुलीनं मान वर केली.

"पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत आकडा बदललेला आहे. त्याचं काय?"

"पुस्तकातला खांब काल्पनिक आहे. उदाहरण सुधारलं, इतकंच. पुलाशी त्याचा संबंध नाही."

"तुमच्या वहीत त्या पानावर काही दुरुस्ती होती?"

"नाही." साहेब जरासुद्धा अडखळले नाहीत. "मला ते पान स्वच्छ आठवतं. दुरुस्ती असती तर माझी सही असती. माझ्या मुलीनं तपासणी केली, मी तिच्यावर विसंबलो. बाप म्हणून मला यातना होतायत. पण अकरा जीव गेलेत. मुलगी आहे म्हणून मी तिला पाठीशी घालणार नाही."

मागच्या बाकावरचा एक म्हातारा हे ऐकून हुंदके देऊ लागला. आपल्या बाजूनं बोलणारा कोणीतरी भेटला असं त्याला वाटलं असणार. मुलगी बसल्या जागी पांढरी पडली. जावयानं तिचा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला.

जबाब वाचून दाखवला. साहेबांनी चष्मा लावून पानापानावर सही केली, हिरव्या शाईनं.

मग काटकोन उठला आणि त्यानं वही अध्यक्षांपुढे ठेवली.

पुढचं पाच मिनिटांत आटोपलं. अध्यक्षांनी रेघ वाचली, आकडा वाचला, तारीख वाचली, दोन्ही सह्या वाचल्या. ते काय वाचतायत हे मागच्या बाकांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर जो गलका झाला तो आवरायला दोन पोलीस पुढे यावे लागले. साहेबांना धरून दाराकडे नेत असताना ते मुलीपाशी थांबले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. "माफ कर" म्हणतील, निदान तिच्याकडे बघतील.

"सहीपर्यंत ठीक होतं," ते तिला म्हणाले. "तारीख कशाला घातलीस?"

त्यांना बाहेर नेलं. काटकोन त्यांच्या मागोमाग गेला, तितकाच ताठ. पुरावा दडवल्याबद्दल त्यालाही पोलीस बाहेरच थांबवणार होते, आणि ते त्याला ठाऊक होतं.

मी कागद गोळा करत होते. अटकेचा हुकूम रद्द झाला होता. एक निरपराध बाई आज पोरीला शाळेतून आणायला जाऊ शकत होती. मी स्वतःवर खूश होते, खोटं कशाला बोलू.

मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"वही कधी सापडली?"

"काल दुपारी."

"मी काल संध्याकाळी तुम्हाला फोन केला होता."

"हो."

"विचारलं होतं, बाबांशी आज रात्री बोलून बघू का. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही म्हटलं, पण मी विनवलं तर ते ऐकतील कदाचित. तुम्ही म्हणालात, काही गरज नाही, ते आपणहून खरं बोलतील. म्हणालात, विश्वास ठेवा बापावर."

मी कागदांना टाचणी लावत होते. ती नीट लागेना.

"मी रात्री गेले असते तर..." ती म्हणाली. "कदाचित नसते ऐकले. पण तुम्ही मला विचारूच दिलं नाहीत. हे सगळं ऐकायला मला पहिल्या रांगेत बसवून ठेवलंत. माझ्या बाबांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

त्या बत्तीस वर्षांपूर्वीच्या कागदाबद्दल मी तिला सांगू शकले असते. शब्द जिभेवर आले आणि ते किती फालतू आहेत हे माझं मलाच ऐकू आलं. पलीकडे अकरा मेलेल्यांची माणसं उभी होती, समोर बाप गमावलेली ही, आणि मी गणिताच्या एका कागदाचा हिशोब घेऊन बसले होते.

"काही नाही," मी म्हटलं.

ती पर्स उचलून पोरीला आणायला गेली. मी अहवाल लिहायला घेतला. 'वही हस्तगत' च्या रकान्यात मी बुधवार लिहिला.